पाहुण्याने चालायचं नाही

आमचं बोरकडा दुर्गम आहे हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही पुण्याच्या एका माणसाने फोनवर सांगितल्यामुळे. तोवर ते मला नुसतं लांब वाटायचं.

मी धाराशिवला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. त्यामुळे बालाघाटाच्या डोंगराबद्दल मला अधिकाराने बोलता येतं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी बोलतो. वाशी तालुक्यातल्या या डोंगराची गंमत अशी, की खालून पाहिला तर तो डोंगर आहे आणि घाट चढून वर आलं की माळ आहे. ज्वारी, तूर, हरभरा, सगळं सपाट. डोंगर फक्त चढणाऱ्याच्या वाट्याला येतो, राहणाऱ्याच्या नाही. या माळाच्या अगदी काठावर आमचं गाव. शेवटच्या घराच्या मागे जमीन एकाएकी संपते आणि तीनशे फूट खाली पुन्हा सुरू होते. मधल्या भागाला आम्ही कडा म्हणतो. शेरडं चारणे आणि घरात भांडण झालं की जाऊन बसणे, एवढाच त्याचा आजवर उपयोग होता.

तर डिसेंबरात एसटीच्या आगारातून ग्रामपंचायतीला पत्र आलं. कोणतं आगार ते सांगत नाही. मला तिथं अजून जायचं आहे. ‘वाशी-बोरकडा फेरीचे भारमान अत्यल्प असल्याने सदर फेरी बंद करणे विचाराधीन आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाहणी करून अंतिम निर्णय घेण्यात येईल.’ भारमान म्हणजे गाडीत माणसं किती बसतात याचं सरकारी नाव. आमची गाडी सकाळी वाशीला जाते, संध्याकाळी माणसं परत आणून सोडते आणि सहाला पुन्हा खाली उतरते. तिच्यात वाशीला कॉलेजला जाणाऱ्या पाच मुली, खव्याचे डबे, आणि काही काम नसताना सवयीने वाशीला जाऊन येणारी नागम्मा, एवढं आमचं भारमान. बाकी गाव केव्हाच मोटरसायकलवर बसून निघून गेलं होतं.

ग्रामसभा भरली. मी रविवार म्हणून गावी होतो. सरपंच बंडप्पा हे माझे थोरले चुलतभाऊ. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “गेली तर जाऊ दे की. डबडंच हाय ते. चढावर माझ्या म्हशीपेक्षा जास्त दम खातंय.”

तेव्हा श्रावस्ती उभी राहिली. ही श्रीपतीची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. श्रीपती माझा वर्गमित्र, पोस्टात आहे.

“अण्णा, गाडी गेली की आमचं कॉलेज गेलं,” ती म्हणाली. “पाचजणींचं. बाबा सकाळी टपाल वाटायला जातात. मला रोज वाशीला कोण सोडणार? तुम्ही सोडता का?”

सभेत शांतता पसरली. आता, वर्गात शांतता पसरली की आपणच उत्तर द्यायचं, ही सव्वीस वर्षांची सवय. मी म्हणालो, “भारमानच पाहिजे ना? पाहणीच्या आठवड्यात माणसं मी आणतो.”

“कुठून आणणार?” बंडप्पांनी विचारलं.

हे मलाही माहीत नव्हतं. पण मागे हटणं शक्य नव्हतं, कारण सगळं गाव माझ्याकडे, ज्याला कधीच काही करता आलं नाही अशा माणसाकडे बघतात तसं, दयेने बघत होतं.

कल्पना श्रावस्तीचीच. हल्ली शहरातले लोक पाठीवर पिशव्या घेऊन डोंगर हुडकत फिरतात, असं तिचं म्हणणं. तिने कड्याचे चार फोटो काढले, खाली माझ्याकडून दोन परिच्छेद भूगोल लिहून घेतला, त्यातला दीड परिच्छेद गाळला आणि ते इंटरनेटवर टाकलं. चौथ्या दिवशी पुण्याहून कुलदीप नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते अशा साहसी लोकांचा एक गट चालवतात.

“सर, तुमच्याकडे रेंज आहे का?”

“आहे की. पाराच्या कट्ट्यावर उभं राहिलं तर...” समोर बसलेली श्रावस्ती दोन्ही हातांनी नाही नाही करत होती. “म्हणजे असते एखादवेळी,” मी म्हणालो.

“हॉटेल?”

“नाही.”

“वा! रस्ता?”

“डांबरी आहे. पण खड्डे आहेत.”

“किती?”

“बरेच.”

“फारच छान! दुर्गमच आहे म्हणजे. आणि बस वगैरे नाही ना जात? बस जाते तिथं आमचे लोक येत नाहीत, सर.”

माझी अडचण वाचकांच्या लक्षात आली असेल. बस टिकायला माणसं हवी होती आणि माणसं यायला बस नको होती. “बस आहे असं ठामपणे म्हणता येणार नाही,” मी म्हणालो. आगाराचं पत्र पाहता हे खोटंही नव्हतं. माझा हिशेब साधा होता: दिवसभर हिंडून ही मंडळी दमतील, आणि दमलेल्या माणसाला संध्याकाळी सहाच्या उतरत्या गाडीत बसवायला काय लागतं? पाहणीचा शेवटचा दिवस रविवार होता. बावीसजण त्याच रविवारी सकाळी येणार, असं ठरलं.

मग परवानगी. तालुक्याच्या एका कचेरीत ‘साहसी उपक्रमाची पूर्वसूचना’ नावाचा एक छापील अर्ज मिळाला. त्यात एक रकाना होता: ‘संभाव्य धोके’. बंडप्पांनी तिथं ‘निरंक’ लिहून, सही-शिक्का मारून अर्ज माझ्या हाती दिला. तिथल्या कारकुनाने तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“धोका निरंक?”

“निरंक.”

“मग साहस कुठंय ह्यात? हे सहलीच्या टेबलाला जाईल. ते टेबल सुट्टीवर आहे. एखादा तरी धोका घालून आणा, सर.”

मी अर्ज परत आणला. गावात धोका शोधण्यासाठी पुन्हा बैठक झाली. मी साप सुचवला. बंडप्पा भडकले, “आरं, गावात साप हायत म्हणून लिवून दिलं तर पोरी कोण देईल आपल्यात?” मी कड्यावरून घसरण्याचा उल्लेख केला. एकाने विचारलं, “कोण घसरलंय आजपर्यंत? नाव सांगा.” कुत्री म्हटलं तर ‘कुणाची?’ या प्रश्नावर दोन भावक्यांमध्ये जुनं भांडण निघालं. गांधीलमाश्यांची पोळी ज्यांच्या बांधावर होती ते उठून निघाले. दोन तासांनी सर्वानुमते ‘ऊन’ असं लिहायचं ठरलं. जानेवारीत. कारकुनाने ते वाचून खिडकीबाहेर पाहिलं आणि शिक्का मारला.

यानंतर मी आठ दिवस धाराशिवला होतो, ही माझी चूक. माझ्या गैरहजेरीत गावाने तयारी केली.

आता बोरकड्याच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पाहुण्याने घाट पायी चढायचा नाही. पूर्वी बैलगाडी पाठवत, आता मोटरसायकल जाते. पण पायथ्याला कुणीतरी आणायला गेलंच पाहिजे. एका घरचा जावई कधीकाळी निरोप चुकल्यामुळे घाट चालत आला. त्या घराला अजून ‘चालवत्यांचं घर’ म्हणतात. त्या घरातली मुलगी बघायला लोक आले की गाव आधी ही गोष्ट सांगतं.

मी बंडप्पांना चारदा बजावलं होतं, “अण्णा, ही माणसं चालायलाच येतायत. त्यांना चालू द्या.”

“व्हय व्हय,” ते म्हणाले होते. पण त्यांच्या ‘व्हय व्हय’चा अर्थ मला पन्नास वर्षांत कळलेला नाही.

रविवारी सकाळी आठला कुलदीप आणि त्यांची एकवीस माणसं स्वतःच्या गाडीने पायथ्याला आली. गाडी परत पाठवून दिली, ती संध्याकाळी पायथ्यालाच घ्यायला येणार होती. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, पायात माझ्या पगाराला न परवडणारे बूट. घाट तीन किलोमीटरचा. पहिल्याच वळणावर अकरा मोटरसायकली आणि गादी टाकलेला एक ट्रॅक्टर उभा होता.

“या, बसा,” बंडप्पा हात जोडून म्हणाले.

“काका, आम्हाला चालायचंय,” कुलदीप म्हणाले.

“लाजू नका.”

“लाजत नाही. खरंच चालायचंय.”

“पुण्याची माणसं लई मर्यादेची असतात,” बंडप्पा आपल्या लोकांकडे वळून कौतुकाने म्हणाले, “घ्या रे बसवून.”

दोघांनी गवतातून पळण्याचा प्रयत्न केला. त्यांना वरच्या वळणावर अडवून, पाणी पाजून बसवण्यात आलं. साडेआठला सगळं साहसी पथक गावात पोचलेलं होतं. मारुतीसमोर प्रत्येकाला टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन सत्कार झाला. मग पहिला चहा, सरपंचाकडे. दुसरा उपसरपंचाकडे, कारण पहिला सरपंचाकडे झाला होता. सातव्या चहानंतर कुलदीपनी मला हळूच विचारलं, “सर, कडा कधी?”

कडा मीही आठ दिवसांत पाहिला नव्हता. आम्ही गेलो आणि मी जागीच उभा राहिलो. शेवटच्या घरापासून टोकापर्यंत जेसीबीने रस्ता केलेला. दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड. टोकावर मांडव, मांडवात तीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सरकारी कार्यक्रमाला असतो तसा झाकलेला माठ.

“हे काय आहे?” कुलदीप म्हणाले.

“सोय,” बंडप्पा अभिमानाने म्हणाले. “मागल्या सोमवारपातूर इथं पाय ठेवायला जागा न्हवती. निस्ती काट्यांची जाळी. एक काटा ठेवला न्हाय बगा.”

पुण्याहून साडेपाच तास प्रवास करून आलेले बावीस साहसी लोक खुर्च्यांवर बसून दरीकडे बघत हुरडा खाऊ लागले.

जेवण गौरावहिनींकडे, म्हणजे बंडप्पांच्या घरी. कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं माडगं आणि वर खव्याचे पेढे. वहिनींचा आग्रह हा एक स्वतंत्र विषय आहे. ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही, तेवढ्यापुरता कान बंद होतो. दोन वाजता त्या गटातला एकही माणूस कुणाच्या मदतीशिवाय उठू शकत नव्हता. कुलदीपनी मला ओसरीच्या कडेला घेतलं.

“सर, राग मानू नका. इतकं प्रेमळ गाव मी पाहिलं नाही. पण आमच्या यादीत नाही घालता येणार. इथं आमचं एकही पाऊल पडलेलं नाही.”

मला फार लागलं. गाव नापास झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण चांगलं आहे म्हणून नापास होणं हे माझ्या परीक्षक म्हणून घालवलेल्या आयुष्यात बसत नव्हतं. मी आत जाऊन आडवा झालो. विचार करायला म्हणून झालो होतो, पण झोप लागली. बाकीच्या गावालाही लागली होती, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

चारच्या सुमाराला वहिनींच्या ओरडण्याने जाग आली. “आवो उठा! पाव्हणं पळालं!”

पाहुण्यांना आडवं व्हायला दिलेल्या शाळेच्या खोलीत बावीस पिशव्या होत्या आणि माणूस एकही नव्हता. पाच मिनिटांत सगळं गाव पारावर. “न सांगता गेले,” बंडप्पा म्हणाले. “काय कमी पडलं आपलं?” कुणी म्हणालं चहा पांचट होता. कुणी म्हणालं टोप्या डोक्याला लहान पडल्या. वहिनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “माडग्यात मीठच कमी हुतं. म्या तवाच म्हनलं.”

एवढ्यात कड्याकडून श्रीपती आला. “खाली हायत,” तो म्हणाला. “आमची श्रावस्ती बी हाय.”

आम्ही टोकावर जाऊन पाहिलं. खाली, शेरडांच्या वाटेने, तळाशी पोचलेली ठिपक्यांएवढी माणसं दिसत होती. श्रावस्ती पुढे. गाव झोपल्याबरोबर तिने त्यांना उठवलं होतं: “शेरडांच्या वाटेनं खाली उतरायचं आणि घाटानं चढून परत यायचं. निघायचं तर आत्ताच.” घसरत, ओरखडे घेत, बुडावर बसत ते दीड तासात उतरले होते. एकीची विजार गुडघ्यापासून फाटली होती आणि ती आनंदाने किंचाळत होती. तो आनंद वर आम्हाला हंबरडा वाटला.

“चल, शंभू,” बंडप्पा मला म्हणाले. माझं नाव शंभुलिंग. “पाव्हणं घाट चालत येणार, आन् ते बी माझ्या सरपंचकीत!”

आम्ही मोटरसायकलवरून पायथ्याला पोचलो आणि त्याच वेळी वाशीहून पाचची गाडी आली. बंडप्पांनी मोटरसायकल रस्त्यात आडवी घातली. गाडीत पुढच्या बाकावर मांडीवर फाईल घेऊन आगाराचे साहेब होते. मोजणी चालू होती. कंडक्टर महांतेश दारातून डोकावला.

“काय झालं, अण्णा?”

“पाव्हणं बसवायचेत.”

कुलदीप पुढे आले. त्यांनी गाडी पाहिली. गाडीवरची ‘वाशी-बोरकडा’ ही पाटी पाहिली. मग मला पाहिलं.

“सर, हे काय आहे?”

“बस,” मी म्हणालो. इतकं थोडक्यात उत्तर मी नोकरीत कधी दिलेलं नाही.

“तुम्ही तर म्हणाला होता...”

उत्तर श्रावस्तीने दिलं. “सरांनी तुम्हाला खरं सांगितलं नाही, दादा. मी समोरच होते, मीही गप्प बसले. ही गाडी बंद होणारे. ते साहेब मोजायला आलेत, आज शेवटचा दिवस. गाडी रिकामी दिसली तर एक तारखेपासून येणार नाही, आणि मग मी घरी. तुम्हाला चालायचंय हे मला कळतं. पण तीन किलोमीटर बसून चला.”

कुलदीप खाली बघत राहिले. मग ती फाटक्या विजारीची मुलगी सगळ्यांच्या आधी पायरी चढली, आणि तिच्यामागे बाकीचे. शेवटी कुलदीप. महांतेशने श्रावस्तीसकट तेवीस तिकिटं काढली. मधेच मशीनचं कागदाचं भेंडोळं संपलं. ते या मार्गावर संपू शकतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. नवं शोधायला पाच मिनिटं गेली. बाजार करून आलेले आधीचे दहा आणि हे तेवीस. साहेबांनी आकडा लिहिला, खोडला, पुन्हा मोजला आणि तोच लिहिला. मीही बसलो, माझं तिकीट त्यांच्या बेरजेत राहून गेलं, ते मी नम्रपणे लक्षात आणून दिलं.

पहिलं वळण पार पडलं. दुसऱ्या वळणावर गाडीने एक लांब उसासा टाकला, मागे हात-दीड हात आली आणि थांबली.

“भार झाला,” ड्रायव्हर म्हणाला. गेली कित्येक वर्षं ही गाडी मोकळीच चढत होती. माणसं घेऊन चढायचं असतं हे ती विसरली होती.

“उतरा!” महांतेश ओरडला. “म्हातारी आन् लेकुरवाळी बसून राहा. बाकीच्यांनी चालत या. माथ्यावर गाडी थांबवतो.”

क्षणभर बावीसजण एकमेकांकडे पाहत राहिले. मग असा जल्लोष झाला की नागम्मा दचकून पिशवी छातीशी धरून बसली. सगळे उड्या मारून खाली उतरले. पुढे गाडी रडतखडत, मागे साहसी लोक, आणि सगळ्यात मागे मी आणि आगाराचे साहेब. साहेबांचं वजन भारमानाच्या दृष्टीने दोघांचं होतं.

इतक्यात मागून बंडप्पांची मोटरसायकल आली. पाहुणे चालताहेत हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फाटक्या विजारीच्या मुलीजवळ गाडी लावली. “बस पोरी. पाया पडतो.”

“काका,” तिने खिशातून कागद काढून दाखवला, “माझ्याकडे तिकीट आहे.”

बंडप्पांनी तिकीट हातात घेतलं, सूर्याकडे धरून बघितलं, परत दिलं. तिकीट असलेल्या प्रवाशाला दुसऱ्या वाहनात बसवता येत नाही, एवढा कायदा त्यांना ठाऊक असावा. मग मोटरसायकल बंद केली, खाली उतरले आणि ती हाताने ढकलत चालू लागले.

“अण्णा, तुम्ही बसून जा की,” मी म्हणालो.

“पाव्हणा चालतोय आन् म्या बसून जाऊ व्हय?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं. सत्तरीला आलेला माणूस. कुलदीप मागे वळून आले आणि मोटरसायकलला मागून हात लावला. मग आणखी दोघे आले.

साहेब घाम पुसत माझ्या शेजारी थांबले. “सर, आता हे लिहायचं कसं? प्रवासी चौतीस, पैकी बसलेले नऊ?”

“तिकिटं किती?”

“चौतीस.”

“मग तेवढंच लिहा. बसले की चालले असा रकाना आहे का?”

त्यांनी फाईल उघडून पाहिली. नव्हता. 

फेब्रुवारीत पत्र आलं: भारमान समाधानकारक, फेरी पुढील आदेशापर्यंत चालू. कुलदीपच्या यादीतही बोरकडा आलं. ‘गाडीत बसावे, दुसऱ्या वळणावर उतरून चालावे. सर्वात अवघड टप्पा: दुपारचे जेवण.’ आता दर शनिवारी, कधी शुक्रवारीही, वीस-तीस माणसं पाचच्या गाडीने मुक्कामाला येतात आणि तिकीट काढून चालतात. गावाने यावर बरंच मंथन केलं. तिकीट काढलेला पाहुणा आधी एसटीचा, घाटमाथ्यावर पोचल्यावर आपला, असा निवाडा बंडप्पांनी दिला. चालवत्यांच्या घराला मात्र यातून सूट मिळालेली नाही.

मार्चमध्ये एका शनिवारी मी त्याच गाडीने गावी निघालो होतो. गाडी भरलेली. दुसरं वळण आलं तशी ड्रायव्हरने इंजिनाची वाट न बघता स्वतःच गाडी थांबवली. पाहुणे भराभर उतरले. मी खिडकीशी जरा आक्रसून बसून राहिलो. वय, हुद्दा आणि या सगळ्या प्रकरणातलं आपलं योगदान पाहता एवढं चालेल, असं मला वाटत होतं.

महांतेश माझ्यापाशी येऊन उभा राहिला. “सर, बसून येणार का चालत? तिकीट तेवढंच हाय.”

मी आधारासाठी मागे पाहिलं. मागच्या बाकावर पाचही मुली होत्या. लेकुरवाळ्या नव्हत्या, म्हाताऱ्याही नव्हत्या. पण परीक्षा जवळ आल्यामुळे महांतेशने त्यांना सूट दिलेली होती. श्रावस्तीच्या मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक होतं. तिने पान उलटलं, वर बघितलं नाही.

“उतरा, सर,” ती म्हणाली. “गाडीला भार होतोय.”